कंसातलं वाचायचं नाही

सोलापूर,
शुक्रवार, दुपारच्या नमाजनंतर

आदरणीय जुलेखा फुफी यांना,

तुमचा भाचा अतीक याचा सोलापूरहून सलाम. तुमची तब्येत, तुमचे गुडघे, तुमच्या सहा शेळ्या आणि तुमच्या लेकाचा, म्हणजे आमच्या अझरुद्दीनचा, राग हे सगळं आटोक्यात असावं अशी दुआ करतो. आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमची भाचेसून राहत म्हणते की मैंदर्गीहून आलेली शेंगाचटणी संपली, पण हे मी नुसतं कळवतो आहे, मागत नाही. आता फुफी, खरं सांगू का, पत्रात मोठ्यांना 'तुम्ही' लिहायचं हे मला अझरुद्दीनच्या वडिलांनी, आपल्या इसूफ फुफांनी, अल्ला त्यांना जन्नत देवो, शिकवलं होतं, म्हणून एवढ्या ओळी दम धरून लिहिल्या. जन्मभर तुला 'तू' म्हटलं आणि आज माफी मागायच्या वेळी 'तुम्ही' म्हटलं, तर हे पत्र तहसीलदाराला दिलेल्या अर्जासारखं वाटेल. तेव्हा फुफांची माफी मागून पुढचं सगळं 'तू' करून लिहितो.

पत्र जाड आहे म्हणून घाबरू नकोस. तुला वाचता यावं म्हणून अठ्ठावीसच्या आकाराची अक्षरं घेतली आहेत, त्यामुळे साध्या चार पानांचं पत्र हे एवढं झालं. पाकीट बघून पोस्टातल्या बाई विचारतील की यात काय आहे, मी म्हणेन खुशाली. (ऑपरेशनबद्दल या पत्रात मी एक शब्दही लिहिणार नाही, हे आत्ताच सांगून टाकतो. डॉक्टर काय म्हणाले, डावा डोळा कसा हातचा गेला, उजव्यातला मोतीबिंदू आता थांबायला तयार नाही, गुरुवारची तारीख तिसऱ्यांदा मिळाली आहे, ती गेली तर पुढे ऑपरेशन करूनही उपयोग होईल की नाही सांगता येत नाही, यातलं काहीही मी लिहिणार नाही. तू शांतपणे वाच.)

तर झालं असं. तू मला फुफांच्या पत्रांचा बिस्किटाचा डबा दिलास आणि म्हणालीस, "अक्षरं मोठी करून दे की रे. डोळ्याचं ऱ्हाऊ दे." अडतीस पत्रं. वीस-बावीस वर्षं फुफा ट्रकवर होते, चादरी आणि टॉवेल घेऊन कुठं कुठं जायचे, आणि जिथं मुक्काम पडेल तिथून पत्र टाकायचे. आपण घरात दखनी बोलणारी माणसं, पण फुफा शिकले सातवीपर्यंत मराठी शाळेत आणि तूही मराठी शाळेत, म्हणून पत्रं मराठीत. मला तुझ्या त्या एका वाक्यात दोन गोष्टी ऐकू आल्या, एक अक्षरांची आणि एक डोळ्याची. अझरुद्दीनला दुसरीच ऐकू आली. त्याने मला फोन करून झापलं की, तू अक्षरं मोठी करून देशील तर अम्मी ऑपरेशन कशाला करेल? पण तू मागितलंस आणि मी नाही म्हणायचं, हे आपल्या घरात अजून झालेलं नाही.

आता माझं काम काय ते एकदा सांगतो, कारण तू प्रत्येक ईदला विचारतेस आणि मी प्रत्येक ईदला "कॉम्प्युटरचं" एवढं सांगून खीर खात बसतो. आमच्या ऑफिसात जुनी पुस्तकं, अहवाल वगैरे टाइप करून त्यांना खुणा लावतात. ही तारीख, हे गाव, हा मजकूर, असं प्रत्येक तुकड्यावर नाव लिहून ठेवायचं. मग त्यावरून छापायची पानं तयार करायला एक सूचनांची वही लिहितात, तिला एक्सएसएलटी म्हणतात. मी ती वही लिहितो. मजकुरातून एखादी विशिष्ट गोष्ट शोधायची असेल तर तिचा नमुना लिहून द्यायचा, त्याला रेग्युलर एक्सप्रेशन म्हणतात. दोन आकडे, मग टिंब, मग दोन आकडे, मग टिंब, मग चार आकडे, असं सांगितलं की यंत्र तारखा शोधून काढतं. फुफांनी सगळ्या तारखा मराठी आकड्यांत लिहिल्या होत्या. मला वाटलं आता हे इंग्रजी आकडे मागणार, पण नाही, त्या यंत्राला मराठी आकडेही आकडेच वाटतात. तारखा भराभर निघाल्या आणि प्रत्येक पत्राच्या डोक्यावर जाऊन बसल्या. मी इतका खूश झालो की ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला. तिथंच थांबायला हवं होतं.

पण मला कंस आठवले. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मैंदर्गीला असायचो तेव्हाचं आठवतं का तुला? फुफांचं पत्र यायचं ते तुझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे अब्बांच्या नावाने. अब्बांना वाचता येत नव्हतं, अम्मींना येत नव्हतं, सगळ्या घरात वाचता येणारी तू एकटी, आणि तूच सून. मग ओसरीवर सगळे जमायचे, शेजारच्या शांतम्मा कन्नडमध्ये चौकशी करत येऊन बसायच्या, आणि तू मराठीतलं पत्र दखनीत करून मोठ्याने वाचायचीस. फुफांनी तुझ्यासाठीचं जे काही असेल ते कंसात घातलेलं असायचं. कंस आला की तू खोकायचीस, तेवढ्यात मनात वाचून घ्यायचीस आणि पुढच्या ओळीवर जायचीस. पत्र जेवढं लांबून आलेलं तेवढा खोकला जास्त. पोस्टमन दिसला की सुनेच्या छातीत कफ होतो, असं तुझ्या सासूने ठरवूनच टाकलं होतं आणि पत्र संपायच्या आत अडुळशाचा काढा तयार असायचा. तू तो काढा तोंड वाकडं न करता प्यायचीस. एकदा मी तुझ्या खांद्यावरून डोकावून वाचायला लागलो, तर तू माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणालीस, कंसातलं वाचायचं नाही. मी तेव्हा आठ वर्षांचा असेन. आपल्या घरात मी जे नियम मनापासून पाळले, त्यातला हा एक.

म्हणून मी काय अक्कल चालवली बघ. पुस्तक बांधून घेणार, ते घरात चार लोकांच्या हातात जाणार, पाहुणे चाळणार. फुफींची अब्रू आहे, कंसातलं कुणाला दिसता कामा नये. तर सूचनांच्या वहीत एक ओळ घातली की कंस उघडल्यापासून कंस मिटेपर्यंत जे काही असेल ते काढून टाक. टाइप करायचं काम मी आमच्या ऑफिसातल्या सुकन्याताईंना दिलं होतं आणि त्यांनाही बजावलं होतं की कंसातलं वाचायचं नाही. त्या म्हणाल्या, "न वाचता टाइप कसं करू हो अतीकभाई?" प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, वाचा पण लक्ष देऊ नका.

पहिल्या दिवशी मी नमुन्यात नुसते कंस लिहिले, तर यंत्राने काम करायलाच नकार दिला. त्याच्या भाषेत कंस हे त्याचं स्वतःचं चिन्ह आहे, खराखुरा कंस हवा असेल तर त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ मारावी लागते. शिवाय त्याची तक्रार अशी की तुमचा नमुना 'काहीच नाही' यालाही लागू पडतो, अशा नमुन्याने मी काहीही बदलणार नाही. (काही वेळा यंत्राला माणसापेक्षा जास्त कळतं. मी ऐकलं नाही.) रेघा मारल्या, मधे टिंब आणि चांदणी ठेवली, म्हणजे 'मधलं काहीही, कितीही', आणि सोडून दिलं. क्षणात झालं. अडतीस पत्रं, अठ्ठावीसच्या अक्षरात, आणि पानं किती? अकरा! मी तर कागद वाचला म्हणून स्वतःची पाठ थोपटली. सुकन्याताईंनी पानं चाळली आणि विचारलं, "तुमचे फुफा लई कमी बोलायचे का हो?"

या अल्ला! इसूफ फुफा आणि कमी बोलायचे! ज्या माणसाने टायर पंक्चर झाला हे सांगायला आधी तो टायर कुठल्या साली घेतला तिथून सुरुवात केली, तो माणूस! मी पानं हातात घेतली. इंदूरहून: अब्बा-अम्मींना सलाम, मी खुशाल आहे, तुमचा इसूफ. नागपूरहून: अब्बा-अम्मींना सलाम, मी खुशाल आहे, तुमचा इसूफ. हुबळीहून तर खुशालीसुद्धा गेली होती, नुसता सलाम आणि इसूफ. झालं असं होतं की 'कितीही' म्हटल्यावर ते यंत्र पहिल्या कंसापासून जे सुटलं ते पत्रातल्या शेवटच्या कंसापर्यंत गेलं. मधले दहा कंस मिटले, त्याने बघितलं नाही. मधे ट्रक होता, पाऊस होता, अब्बांच्या औषधाची चौकशी होती, बैलपोळ्याला कुणाची बैलजोडी पहिली आली हे विचारलेलं होतं, सगळं खाल्लं. आमच्या धंद्यात अशा नमुन्याला हावरटच म्हणतात, शब्द माझा नाही. त्याला आवरायचं असेल तर चांदणीच्या पुढे एक प्रश्नचिन्ह ठेवायचं, मग ते पहिला मिटलेला कंस दिसला की थांबतं. एवढंसं प्रश्नचिन्ह. ते ठेवलं आणि अकरा पानांची दोनशे चार पानं झाली. ट्रक आला, पाऊस आला, बैलजोडी आली. फक्त कंस तेवढे व्यवस्थित गेले. एकही शिल्लक नाही, मी दोनदा तपासलं. इतकं बिनचूक काम माझ्या हातून गेल्या दहा वर्षांत झालं नव्हतं.

मग पुस्तक बांधून घेतलं, हिरवं कापड लावलं आणि मैंदर्गीला घेऊन आलो. तू ते मांडीवर ठेवलंस, हाताने पुसलंस (नवं होतं, पुसायची गरज नव्हती), उघडलंस आणि म्हणालीस, "लई छान केलास रे." पाच-सहा पानं वाचलीस. मग म्हणालीस, बाकीचं निवांत वाचते, आणि मला भाकरी वाढायला उठलीस. मी पोटभर जेवलो, फुफी. दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. येताना बसमध्ये मी स्वतःवर इतका खूश होतो की शेजारच्या माणसाला हावरट नमुन्याची सगळी गोष्ट सांगितली. तो अक्कलकोटला उतरला. त्याचं तिकीट सोलापूरचं होतं.

पंधरा दिवसांनी जोयाचा फोन आला. तुझी नात आहे ती, तुझ्यासारखीच, दुसऱ्याला वाईट वाटेल असं सरळ बोलत नाही. इकडचं तिकडचं विचारलं आणि मग म्हणाली की चाचा, दादी पुस्तक वाचते, पण पान संपलं की ते उलटून मागे बघते, मग पुन्हा पुढे बघते, मग बोटाने ओळ चाचपते. छापताना काही राहून गेलंय का? मी म्हटलं, नाही बेटा, एकही चूक नाही. फोन ठेवला. आणि फुफी, ऑफिसच्या जिन्यात उभ्या उभ्या माझ्या डोक्यात उजेड पडला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस मी. डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायला रुमाल काढला तर तोही फुफांनीच दिलेला, मग जास्तच आलं.

ज्या ओळी तू सगळ्या ओसरीसमोर वाचल्यास, त्या तुला कशाला पाहिजे होत्या? त्या तर शांतम्मांनाही पाठ असतील. तुला ज्या पाहिजे होत्या त्या मी निवडून, तपासून, एकही न ठेवता काढून टाकल्या. आणि तू लई छान म्हणालीस. शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं गं. कंसातलं वाचायचं नाही हा नियम माझ्यासाठी होता, ओसरीसाठी होता, सासूसाठी होता. तुझ्यासाठी तो कधीच नव्हता, एवढी साधी गोष्ट मला कळू नये! तू तो डबा माझ्या हातात दिलास तेव्हा किती विचार करून दिला असशील, हेही मला आत्ता कळतंय. मी जिन्यातून वर गेलो आणि सुकन्याताईंना विचारलं की कंसात असं काय होतं? त्या एवढंच म्हणाल्या, "तुमी ते काढायला नको होतं." त्यांना सगळं माहीत होतं, पण मी पडलो वहीचा मालक, मला कोण सांगणार.

यंत्राकडे दुसरी एक सूचना आहे, ती मला पंधरा वर्षं माहीत आहे. ती काहीच काढून टाकत नाही. नमुन्यात बसणारा तुकडा एका हातात देते, न बसणारा दुसऱ्या हातात, आणि विचारते की आता यांचं काय करायचं ते तू सांग. तू मूग निवडताना खडे एका बाजूला करतेस तसं, फक्त इथे दोन्ही ढीग ठेवायचे. मी सांगितलं, बाहेरचं अठ्ठावीसमध्ये राहू दे आणि कंसातलं चाळीसमध्ये घे. होय, चाळीस. नवं पुस्तक याच्याबरोबर वेगळ्या पाकिटात पाठवलं आहे. चारशेच्या वर पानं झाली, म्हणून दोन भागांत बांधलं. छपाई चालू असताना मी पानं पालथी घेत होतो, शपथेवर सांगतो, एक ओळ वाचलेली नाही. बाइंडिंगवाल्यालाही सांगितलं होतं की वाचायचं नाही, त्याचा चष्मा फुटला होता म्हणून काळजी नव्हती. हिरवं पुस्तक अझरुद्दीनला दे, पाहुण्यांना दाखवायला बरं आहे.

तर फुफी, या मूर्खाला माफ कर. वर सांगितल्याप्रमाणे ऑपरेशनबद्दल मी एक शब्दही लिहिला नाही, हे अझरुद्दीनला कळू देऊ नकोस, त्याने मला 'चांगलं खडसावून लिही' असं बजावलं होतं. शेळ्यांना माझा सलाम सांग. गुडघ्यांना तेल लाव. जोयाला भरपूर प्यार.

तुझ्या पदराला धरून हिंडलेला,
अतीक

ता.क. चटणी खरंच संपली आहे. वरती मागत नाही म्हटलं ते संकोचाने.

ता.क. आणखी एक. राहतने समोरची खोली रिकामी केली आहे, तिथं ऊन येत नाही आणि खिडकीतून बाजारचा रस्ता दिसतो. का रिकामी केली ते मी विचारलं नाही. बुधवारी सकाळी अकराच्या बसला मी अक्कलकोट स्टँडवर उभा असेन, सहज. तुझी पिशवी हलकी असू दे.

ता.क. आता जे खरं सांगायचं आहे ते सांगतो, कारण पाकीट डकवायला घेतलं आणि डकवेना. पुस्तकावर ट्रकचा फोटो टाकावा म्हणून मी परवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत वीरभद्रप्पा मालकांकडे गेलो होतो. फुफा ज्यांचा ट्रक चालवायचे तेच, आता खूप म्हातारे झालेत. फोटो नाही मिळाला. पण तो ट्रक भंगारात देताना सीटखाली एक घडी केलेला कागद सापडला होता, तो त्यांनी इतकी वर्षं ड्रॉवरमध्ये जपून ठेवला होता. इसूफचं हाय, कुणाला द्यावं कळंना, असं म्हणाले आणि माझ्या हातात दिला. पोस्टात न टाकलेलं पत्र आहे. तारीख तुझ्या सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या वर्षाची, म्हणजे घरात टेलिफोन बसला त्याच महिन्याची, म्हणून राहून गेलं असेल. अब्बा नव्हते, अम्मी नव्हत्या, ओसरीवर वाचून दाखवायला कुणी उरलं नव्हतं. या एकाच पत्रावर वरती तुझं नाव आहे. नावाच्या पुढे कंस उघडला आहे आणि तो शेवटपर्यंत कुठंही मिटवलेला नाही.

मी ते टाइप करायला दिलं नाही. पेन्सिलीने चालत्या गाडीत लिहिल्यासारखं आहे, पुसट झालं आहे. मोठं करून बघितलं तर अक्षर मोठं होत नाही, नुसती पेन्सिलीची धूळ मोठी होते. फुफांचं असलं अक्षर लागणारं माणूस जगात एकच आहे, आणि दुसऱ्या कुणी ते मोठ्याने वाचून दाखवावं, हे मला सहन होणार नाही, तुलाही होणार नाही. अडतीस पत्रं मी हवी तेवढी मोठी करून देईन, शंभरच्या आकारात देईन. याला मात्र तुझाच डोळा लागणार.

ते मी पोस्टाने पाठवत नाही, माझ्याजवळ ठेवलं आहे. गुरुवारी ऑपरेशन झालं की शुक्रवारी पट्टी काढतात. डॉक्टर वाचायला परवानगी देतील त्या दिवशी मी ते तुझ्या हातात देईन आणि दार ओढून घेऊन बाहेर जाईन. ये गं फुफी.